वाळू, बुरशी आणि रत्नागिरीचे नाव

कोकणातील वाळूच्या टेकड्यांवर मर्यादावेल नजरेत भरते. तिच्या मुळांशी नांदणारी बुरशी मात्र दिसत नाही. अशा बुरशीचे तंतू वाळूचे सुटे कण एकत्र बांधतात आणि निकस वाळूतला फॉस्फरस वनस्पतीला पुरवतात. गोव्याच्या टेकड्यांवरील या मूलकवकांचा अभ्यास गोवा विद्यापीठातून २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

टेकडीखाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, जगण्याची अट वेगळी असते. तेथे लाट सर्व काही वाहून नेते. म्हणून टिकायचे तर चिकटावे लागते. १९२२ मध्ये वेर्डरमान यांनी वर्णिलेल्या कोरोलोस्पोरा वंशातील बुरशीची फळे वाळूच्या कणांना घट्ट धरून वाढतात. तिच्या बीजाणूंना सूक्ष्म उपांगे असतात आणि ते किनाऱ्यावरच्या फेसातही सापडतात.

अशा उपांगांवरूनच सागरी बुरशींचे वर्गीकरण उभे राहिले. १९७७ मध्ये कोह्लमायर दांपत्याने हॅलोसार्फिया हा वंश स्थापला. त्याच्या बीजाणूंच्या टोकांवरील गुंडाळी पाण्यात उलगडते आणि तिचा लांब, चिकट धागा होतो. १९८२ मध्ये पाटील आणि बोरसे यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून याच वंशातील एका नव्या जातीचे वर्णन केले. खारफुटीच्या लाकडावर वाढणाऱ्या या जातीला नाव मिळाले हॅलोसार्फिया रत्नागिरिएन्सिस.

पुढे डीएनए-विश्लेषणाने हा वंश एकसंध नसल्याचे दाखवले. उलगडणारा धागा ही एकाच कुळाची खूण नव्हती. लाटांच्या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या शाखांनी दिलेले ते सारखे उत्तर होते. परिणामी २००३ मध्ये पँग आणि सहकाऱ्यांनी नवा वंश मांडला: सागरोमायसिस. आज ही बुरशी सागरोमायसिस रत्नागिरिएन्सिस म्हणून ओळखली जाते. वंशनाम बदलले, परंतु रत्नागिरी कायम राहिली, कारण नामकरणाच्या नियमांनुसार मूळ जातिनाम सहसा जपले जाते.

नव्या जातीचा शोध घोषणेच्या दिवशी संपत नाही, हेच या इतिहासातून दिसते. सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन पुढच्या पिढीला तपासता यावे, यासाठी मूळ नमुना जतन व्हावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहासारख्या संग्रहांचे मोल त्यातच आहे. मात्र नमुना ज्या किनाऱ्यावरून यायचा, तेथील वाळूच उपसली गेली, खारफुटीच तोडली गेली, तर संग्रहातील कपाट रिकामेच राहील. ज्या जातींना अद्याप नावच मिळालेले नाही, त्यांच्या नाहीशा होण्याची नोंदही कोठे होणार नाही.