दगडाचा पत्ता : फिरस्त्या जीवाश्मांची कथा

१) मोरोक्कोच्या आग्नेय भागात, सहाराच्या कडेला, एर्फूद नावाचे एक गाव आहे. तेथील दुकानांच्या फळ्यांवर ट्रायलोबाइट रांगेने मांडून ठेवलेले असतात. प्रवासी थांबतो, घासाघीस करतो आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी पिशवीत टाकून पुढे निघतो. या साध्या सौद्यात त्याच्या हातून कोणती मोलाची गोष्ट निसटते, याची ही कथा आहे. तिचा शेवट हिमालयात होतो आणि तो फारसा सुखद नाही.

२) प्रथम प्राण्याची ओळख. ट्रायलोबाइट हा सांधेदार पायांचा समुद्रजीव. खेकडा, विंचू आणि कीटक यांचा दूरचा नातलग. त्याच्या कवचाचे लांबीच्या दिशेने तीन भाग पडतात : मधला उंचवटा आणि दोन बाजूंचे दोन पाखे. म्हणून त्याचे नाव ‘त्रिखंडी’. पुष्कळांना वाटते की डोके, धड व शेपूट हे ते तीन भाग, तसे नाही. त्याच्या डोळ्यांची भिंगे कॅल्साइट या खनिजाची होती. दगडातून पाहणारा हा प्राणी!

३) सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी हे जीव खडकांत दिसू लागतात आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात कायमचे नाहीसे होतात. आजवर त्यांच्या २०,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. वाढताना हा प्राणी कात टाकी. त्यामुळे एकाच प्राण्याच्या अनेक काती जीवाश्म होऊ शकत. बाजारात ते इतक्या संख्येने का दिसतात, याचे एक कारण हे.

४) माणसाला या दगडाची भुरळ फार जुनी आहे. फ्रान्समधील आर्सी-सुर-क्यूर येथील एका गुहेत छिद्र पाडलेला ट्रायलोबाइट सापडला. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कुणीतरी तो लोलक म्हणून वापरला असावा. गुहेचे नावच आता ‘ट्रायलोबाइटची गुहा’ असे पडले आहे. अमेरिकेतील युटा प्रांतातले पाह्वान्ट यूट लोक हे जीवाश्म ताईत म्हणून बाळगत. त्यांच्या भाषेतील या दगडाच्या नावाचा अर्थ ‘दगडाच्या घरात राहणारा पाण्यातला लहान किडा’ असा सांगतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे नाव सत्याच्या बरेच जवळ जाते.

५) याउलट पंडितांची वाट चुकली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे पालक एडवर्ड ल्विड यांना १६९८ मध्ये वेल्समध्ये असे काही जीवाश्म मिळाले. त्यांनी चित्र काढून लंडनला पत्र लिहिले. त्यात तो एका चपट्या माशाचा सांगाडा ठरवला. ‘ट्रायलोबाइट’ हे नाव जर्मन अभ्यासक वाल्श यांनी १७७१ मध्ये रूढ केले. मात्र ल्विड यांनी दगड कोठे मिळाला ते नोंदवले होते. म्हणूनच तो कोणत्या जातीचा होता, हे पुढच्या पिढ्यांना सांगता आले. निदान चुकले, पण पत्ता शाबूत राहिला.

६) हा ‘पत्ता’ शब्द लक्षात ठेवा. जीवाश्म कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, वरून किती खोलीवर मिळाला, ही नोंद म्हणजे त्याचा पत्ता. प्राणी ओळखता आला नाही तर उद्या दुसरा कोणी ओळखील. पत्ता हरवला तर तो पुन्हा मिळणे फार कठीण. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. थराबाहेर काढलेले खापर त्यालाही मुके वाटते.

७) जीवाश्मांचा व्यापारही नवा नव्हे. इंग्लंडमधील डडली येथे रेन्स नेस्ट टेकडीतून लोखंडाच्या भट्ट्यांसाठी चुनखडी काढीत. तीत सापडणारे ट्रायलोबाइट कामगार हौशी संग्राहकांना विकत. लोक त्याला ‘डडलीचा किडा’ म्हणत. पुढे तो शहराच्या मानचिन्हावरही जाऊन बसला. १९५६ मध्ये ती टेकडी भूशास्त्रासाठी घोषित झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय निसर्गक्षेत्र ठरली.

८) विक्रीमुळे ज्ञान बुडतेच, असे मात्र नाही. अमेरिकेतील चार्ल्स वॉलकॉट यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील एका शेतावर राहून त्यांनी चुनखडीतले ट्रायलोबाइट गोळा केले आणि १८७३ मध्ये तो संग्रह हार्वर्डच्या लुई अगासी यांना ३,५०० डॉलरना विकला. पुढे त्यांनी दगडाचे पातळ काप काढून ट्रायलोबाइटला सांधेदार पाय होते हे दाखवून दिले. कॅनडातील जगप्रसिद्ध बर्जेस शेलचा शोध १९०९ मध्ये लावला तो याच वॉलकॉट यांनी.

९) आता पुन्हा मोरोक्कोत येऊ. एर्फूद आणि अल्निफच्या परिसरात जीवाश्म खणणे हा अनेक कुटुंबांचा चरितार्थ आहे. डोंगराच्या अंगाने एकाच थराचा माग काढीत हाताने चर खणले जातात. दगड फोडताना कवचाचा केवळ एक छेद दिसतो; त्यावरून आत काय आहे ते ओळखून तुकडे जोडायचे आणि मग बारीक सुईने व हवेच्या झोतावर सोडलेल्या भुकटीने भोवतालचा खडक काढायचा. एका चांगल्या नमुन्यामागे कित्येक दिवसांचे श्रम असतात.

१०) जेथे श्रम महाग तेथे नक्कल स्वस्त. म्हणून बाजारात तीन प्रकार आढळतात : पूर्ण खरा, डागडुजी केलेला आणि साचातून काढलेला खोटा. दुसऱ्या प्रकारात एकाचे डोके दुसऱ्याच्या धडाला चिकटलेले असू शकते. केवळ विचित्र दिसतो म्हणून खोटा, असेही समजू नये. कपाळापुढे त्रिशूळ घेऊन फिरणारा वॉलिसेरॉप्स पाहून कुणालाही ही थट्टा वाटेल. पण तो अगदी खरा प्राणी आहे.

११) मग ओळखावे कसे? भिंगातून पाहताना बारीक गोल बुडबुड्यांची भोके दिसली, तर ती ओतीव राळेची खूण. फॅकॉप्सच्या डोळ्यावर भिंगांच्या स्पष्ट रांगा हव्यात. सपाट गोळा असेल तर शंका घ्यावी. खडकातली पांढरी कॅल्साइटची शीर जीवाश्मातूनही सरळ जात असेल, तर दोघे एकत्र घडले हे कळते. ती कडेशी अचानक थांबली, तर तेथे जोड असण्याचा संभव. अतिनील दिव्याखाली गोंद आणि रंग बहुधा वेगळे चमकतात. आणि शेजारच्या दोन दुकानांत हुबेहूब तीच भेग असलेले दोन नमुने दिसले, तर पुढची परीक्षा करण्याचे कारण उरत नाही.

१२) काळाचे गणितही कामी येते. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ट्रायलोबाइट त्याआधी अठरा कोटी वर्षे नामशेष झाले होते. तेव्हा ‘महाबळेश्वरच्या कड्यात सापडलेला ट्रायलोबाइट’ कुणी पुढे केला, तर दगड हातात घेण्याचीही गरज नाही. भारतात ट्रायलोबाइट आहेत ते स्पितीसारख्या हिमालयीन खोऱ्यांत. हेन्री हेडन यांनी तेथून आणलेल्या जीवाश्मांचे वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

१३) आपल्या देवघरातही प्रवासी जीवाश्म आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातून येणारे अनेक शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातील अमोनाइट या समुद्रजीवाचे अवशेष. त्यांवरील चक्र ही त्याच्या शंखाची वळणे. यात्रेकरूंच्या झोळीतून तो मराठी घरांत पोहोचला आणि तुळशीच्या लग्नात मानाने बसला. पण पाहा, शेकडो मैलांच्या प्रवासातही परंपरेने त्याचा पत्ता टाकून दिला नाही. शाळिग्राम कोठला, असे विचारा. ‘गंडकीचा’ हे उत्तर आजही मिळते.

१४) आता मूळ प्रकरण. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षांत हिमालयातील जीवाश्मांवर ३०० हून अधिक निबंध प्रसिद्ध केले. देशोदेशीचे तज्ज्ञ त्यांचे सहलेखक होते. पद्धत साधारण अशी : गुप्ता नमुने पुरवीत, ‘हे अमुक खोऱ्यातले’ म्हणून सांगत, आणि तज्ज्ञ ते ओळखून देत. ओळख बरोबर असे. स्थळ तपासायला दुर्गम खोऱ्यांत कोण जाणार?

१५) ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट स्वतः हिमालयात काम करीत होते. प्रत्यक्ष थर आणि छापील निबंध यांचा मेळ त्यांना बसेना. १९८७ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथील परिषदेत त्यांनी हे जाहीरपणे मांडले. गुप्तांचे ‘हिमालयीन’ अमोनॉइड, म्हणजे अमोनाइटांचे जुने भाऊबंद, मोरोक्कोतील एर्फूदच्या नमुन्यांपासून वेगळे काढता येत नव्हते. तेच एर्फूद, आणि तोच माल, जो जगभरच्या दुकानांत सहज विकत मिळतो!

१६) गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. कोनोडोंट नावाचे सूक्ष्म दातांसारखे काही जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातील एका ओढ्याच्या प्रसिद्ध नमुन्यांशी जुळत होते. एकाच नमुन्याचे छायाचित्र वेगवेगळ्या निबंधांत, शेकडो किलोमीटर दूर असलेल्या स्थळांच्या नावाने छापल्याचेही टॅलेंट यांनी दाखवले. २० एप्रिल १९८९ च्या ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. मथळा होता, ‘फिरस्त्या जीवाश्मांचे प्रकरण’. गुप्तांनी आरोप नाकारले. परंतु पुढे विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीत ते दोषी ठरले.

१७) यात कोणाचे काय बिघडले, असे वाटेल. खडकाचे वय त्यातील जीवाश्मांवरून ठरते. हिमालयातले थर केव्हा साचले, तेथला समुद्र किती खोल होता, भारतीय भूखंडाचा काठ कोठे होता, या प्रश्नांची उत्तरे अशाच नोंदींवर उभी राहतात. एक खोटा पत्ता नकाशात शिरला की तो संदर्भ म्हणून दुसऱ्या निबंधात जातो, तेथून तिसऱ्यात. मग पुढच्या पिढीचे आयुष्य नवे शोधण्याऐवजी जुने निवडण्यात खर्ची पडते. शिवाय प्रामाणिकपणे डोंगर तुडवणाऱ्या भारतीय संशोधकांकडेही जग काही काळ संशयाने पाहू लागते, ही हानी कोणत्याच चौकशीत मोजली जात नाही.

१८) याच मोरोक्कोतील दुसरी गोष्ट सांगून संपवतो. मोहम्मद बेन मौला हे जीवाश्म खणून विकणारे स्थानिक गृहस्थ. या शतकाच्या आरंभी फेझुआता भागात त्यांना काही अपरिचित ठसे दिसले. त्यांनी ते पीटर व्हान रॉय या तरुण संशोधकाला दाखवले. मुख्य म्हणजे जागाही दाखवली. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या, मऊ शरीराच्या जीवांचा मोठा ठेवा त्यामुळे उजेडात आला.

१९) तेथेच सुमारे दोन मीटर लांबीचा, पाणी गाळून अन्न मिळवणारा एक समुद्रजीव सापडला. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव ठेवले ‘एजिरोकॅसिस बेनमौलाई’. ज्या नियतकालिकात एका प्राध्यापकाचे प्रकरण छापून आले होते, त्याच नियतकालिकात एका खणणाऱ्याचे नाव शास्त्रात अमर झाले. प्राध्यापकांजवळ पदवी, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा होती. खणणाऱ्यापाशी खरा पत्ता होता.

२०) म्हणून प्रवासात जीवाश्म घ्यावासा वाटला, तर आधी त्या देशाचा कायदा पाहा. ब्राझीलसारख्या देशांत जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता असते. संरक्षित स्थळी हातोडा लावू नका. विकत घेतलात, तर किमतीआधी विचारा, ‘कोठला?’ गाव, डोंगर, थर, जेवढे कळेल तेवढे कागदावर लिहा. दिवस आणि विक्रेत्याने सांगितलेली माहितीही लिहा. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असेच लिहा. तो कागद आणि दगड यांची ताटातूट होऊ देऊ नका.

२१) नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा केले आणि स्थळांच्या नावांसह त्यांची माहिती लंडनला कळवली. त्यांतल्या अनेक निष्कर्षांत पुढे दुरुस्ती झाली. पण टाकळीचे नाव आजही शोधनिबंधांत येते, कारण ते नीट लिहून ठेवले होते. तुमच्या घरी फळीवर एखादा अनामिक दगड पडला असेल, तर आज रात्री एवढेच करा : तो कोणी, केव्हा, कोठून आणला हे घरातल्या थोरांना विचारा आणि लिहून ठेवा. उद्या विचारायला ती माणसे असतीलच असे नाही.