यहोशवाच्या पुस्तकातले दप्तर

हिब्रू धर्मग्रंथातल्या यहोशवाच्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, यहूदा वंशाला मिळालेल्या गावांची यादी आहे. ती दक्षिणेच्या रुक्ष नेगेव मुलखापासून सुरू होते. एकामागून एक नावे येतात आणि शेवटी बेरीज मांडलेली आहे: नगरे २९, शिवाय त्यांची खेडी. हिब्रू पाठातली नावे बोटांवर मोजली तर ती ३६ भरतात.

धर्मग्रंथ म्हणून वाचणाऱ्याला ही सात गावांची तफावत त्रासदायक वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती आनंदाची गोष्ट आहे. बेरीज चुकते तिथे कागदाला हात लागला आहे हे कळते, आणि हात कुणाचा व केव्हा लागला याचा शोध घेता येतो.

याच सात गावांचे पाहा. यादीत बैर-शेबानंतर ‘बिज्योथ्या’ नावाचे एक गाव येते. ते दुसरीकडे कुठेही भेटत नाही. नहेम्याच्या पुस्तकात याच मुलखाची दुसरी यादी आहे. तिथे त्या जागी बैर-शेबा ‘आणि तिची खेडी’ असे शब्द आहेत, आणि ग्रीक भाषांतरही तसेच सांगते. हिब्रूत या दोहोंतला फरक अगदी थोडा आहे. कुणा लेखनिकाने अक्षर चुकीचे वाचले आणि जमिनीवर कधीच नसलेले एक गाव कागदावर वसले. शेवटची ‘ऐन’ आणि ‘रिम्मोन’ ही दोन नावेही नहेम्यात एकच गाव म्हणून येतात. अशी दोन नावे गळली, तरी पाच उरतातच. त्यांचा धागा बहुधा एकोणिसाव्या अध्यायातल्या शिमोन वंशाच्या यादीत आहे. बैर-शेबा, मोलादा, होर्मा, सिकलाग ही गावे दोन्ही याद्यांत आहेत. शिमोनला वेगळा मुलूख नव्हता, त्याचे वतन यहूदाच्या वतनातच होते असे ग्रंथच सांगतो. एका यादीतली नावे दुसरीत शिरली आणि जुनी बेरीज मात्र कुणी बदलली नाही, असा माझा कयास आहे.

जादा नावांपेक्षा गळालेली नावे अधिक बोलतात. डोंगराळ मुलखाच्या भागात एकोणसाठाव्या वचनाच्या शेवटी हिब्रू पाठ ‘सहा नगरे व त्यांची खेडी’ असे म्हणतो आणि पुढच्या गटाकडे वळतो. ग्रीक पाठात मात्र मध्ये आणखी एक अख्खा गट आहे: तकोवा, एफ्राथा म्हणजेच बेथलेहेम, एटाम, करेम, गल्लीम, बेथेर अशी अकरा गावे. दाविदाचे बेथलेहेम आणि आमोस संदेष्ट्याचे तकोवा यहूदाच्या यादीत नसावे, हे शक्यच नाही. प्रत्येक गट ‘इतकी नगरे व त्यांची खेडी’ या शब्दांनी संपतो. नक्कल करणाऱ्याची नजर एका ‘खेडी’वरून थेट पुढच्या ‘खेडी’वर गेली आणि मधला गट पडला. जुन्या बखरींच्या नकला ताडून पाहणाऱ्याला ही चूक ओळखीची वाटेल. मूळ यादी ग्रीक भाषांतरात पूर्ण राहिली आणि तिच्या स्वतःच्या भाषेत तुटली.

आता यादी केव्हाची, हा प्रश्न. ग्रंथ तिला यहोशवाच्या काळात, देश जिंकल्यावर लगेच ठेवतो. १९२५ साली जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्ट आल्ट यांनी वेगळा मुद्दा मांडला. गटवार गावे, प्रत्येक गटाची बेरीज, नेगेव, शफेला म्हणजे डोंगर आणि किनारा यांमधल्या टेकड्या, डोंगराळ मुलूख व वाळवंट असे भाग, ही रचना महसुलाच्या दप्तराची आहे. आणि ते दप्तर इ.स.पू. ६४० ते ६०९ या काळात राज्य करणाऱ्या योशीया राजाचे आहे. अठराव्या अध्यायातली बन्यामीन वंशाची गावे त्यांनी याच दप्तराचा भाग मानली. बन्यामीनच्या गावांत बेथेल येते, आणि बेथेल तर उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचे देवस्थान होते. यहूदाचा अंमल तिथे योशीयाने वेदी पाडली तेव्हा दिसतो. १९५६ साली फ्रँक मूर क्रॉस आणि जी. अर्नेस्ट राइट यांनी हीच यादी इ.स.पू. नवव्या शतकात, यहोशाफाट राजाच्या काळात नेली. शब्दांच्या आधारावर वाद तिथेच अडला असता.

तो पुढे सरकला तो मृत समुद्राच्या काठी. वाळवंटाच्या गटात सहाच गावे आहेत आणि त्यांतले शेवटचे एन-गेदी. १९६०च्या दशकात बिन्यामीन माझार यांनी तिथल्या तेल गोरेन या टेकाडावर उत्खनन केले. लोहयुगातले सर्वांत जुने गाव सापडले ते इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराचे. जवळच त्याहून हजारो वर्षे जुने, ताम्रपाषाणयुगातले देवस्थान आहे, पण त्याभोवती गाव नाही. नवव्या शतकात नसलेले गाव नवव्या शतकाच्या महसुली यादीत येणार कसे? क्रॉस आणि त्यांचे सहकारी मिलिक यांनी त्याच वाळवंटातल्या बुकेआ खोऱ्यात खणलेल्या छोट्या वस्त्याही राजेशाहीच्या उत्तरकाळाच्याच होत्या. या एका नोंदीवर सगळी यादी सातव्या शतकाची ठरत नाही, काही गट जुने असू शकतात. पण आज आपल्यापुढे आहे त्या स्वरूपात ती मांडणाऱ्या लेखनिकाने एन-गेदीचे नाव लिहिले तेव्हा तिथे गाव होते, इतके नक्की.

याच अध्यायात एक्रोन, अश्दोद आणि गाझा हीही नावे आहेत. ही पलिष्ट्यांची शहरे यहूदाच्या हाती नव्हती. इथे गटाची भाषा बदलते आणि शेवटी बेरीजच नाही. दप्तर आणि दावा यांतला फरक लेखनिकाने स्वतःच दाखवून ठेवला आहे.

सीमांचे दप्तर याहून वेगळे आहे. त्यात गावे मोजलेली नाहीत, रेघ चाललेली आहे: वर चढते, खाली उतरते, वळसा घेते, डोंगराच्या खांद्यावरून जाते, झऱ्याशी पोहोचते. ताम्रपटातली चतुःसीमा वाचलेल्याला ही लकब परकी वाटणार नाही. यहूदाची उत्तर सीमा पूर्वेकडून पश्चिमेकडे सांगितली आहे. तीच रेघ बन्यामीनची दक्षिण सीमा म्हणून अठराव्या अध्यायात उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे येते. नक्कल करून ठेवलेल्या कागदात असे सहसा घडत नाही, म्हणून दोन्ही ताडून पाहता येतात. अदुम्मीमचा चढ, एन-रोगेल, हिन्नोमचे खोरे, नेफ्तोहाचा झरा या खुणा दोन्हीकडे आहेत. आणि दोन्हीकडे यरुशलेमपाशी रेघ दक्षिणेकडे झुकते आणि शहराच्या दक्षिण उतारावरून जाते, म्हणजे यरुशलेम बन्यामीनच्या हद्दीत राहते. बन्यामीनच्या गावांच्या यादीतही ते आहेच. तरी यहूदाच्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे की यरुशलेममधल्या यबूसी लोकांना यहूदाचे लोक हाकलू शकले नाहीत. शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात जवळजवळ तेच वाक्य पुन्हा येते, फक्त यहूदाच्या जागी बन्यामीन आहे. दाविदाची राजधानी कुणाच्या शिवारात, हा वाद मिटवण्याऐवजी संकलकांनी दोन्ही बाजू लिहून ठेवल्या. त्यांचे हे वागणे मला प्रामाणिक वाटते.

उत्तरेकडे गेले की कागद विरळ होतो. एफ्राईम आणि मनश्शे यांच्या सीमा आहेत, गावांची यादी नाही. गालीलमधल्या वंशांत सीमा आणि गावे एकमेकांत मिसळली आहेत. दान वंशाला गावे आहेत, पण सीमा नाही. आणि त्याची सरा व एष्टावोल ही गावे यहूदाच्या शफेला गटातही आहेत.

ही नावे जमिनीवर शोधण्याचे काम १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने नेटाने सुरू केले. सोबत एली स्मिथ हे बैरुतचे मिशनरी होते आणि त्यांना अरबी उत्तम येत असे. मठातल्या साधूंच्या परंपरा बाजूला ठेवायच्या, गावकऱ्यांनाच आसपासची नावे विचारायची आणि उत्तर सुचेल असा प्रश्न टाळायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. गावकऱ्यांच्या तोंडून जी नावे आली त्यांत मुखमास म्हणजे मिखमाश, जबा म्हणजे गेबा, अनाता म्हणजे अनाथोथ, सेलून म्हणजे शिलो, समूआ म्हणजे एष्टमोवा ओळखू येत होती. १८७०च्या दशकात कॉन्डर आणि किचनर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी पश्चिम पॅलेस्टाइनची मोजणी केली आणि १८८० साली तिचा २६ पत्रकांचा नकाशा निघाला. पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झालेले आणि लॉर्ड कर्झनशी भांडलेले ते हेच किचनर.

पण नावाच्या साम्याने फसगतही होते. यहूदाच्या यादीतले लाखीश शोधताना उम्म लाकीस या अवशेषाकडे नजर गेली. १८९० साली फ्लिंडर्स पेट्री यांना ती जागा फार उशिराची वाटली आणि त्यांनी जवळचे तेल एल-हेसी हे टेकाड लाखीश समजून खणले. १९२९ साली विल्यम ऑलब्राइट यांनी तेल एद-दुवैर सुचवले. आज तेच लाखीश मानले जाते, आणि त्या जागेच्या अरबी नावात लाखीशचा मागमूसही नाही. माणसे उठून दुसरीकडे वसली की नाव त्यांच्याबरोबर जाते आणि जुने टेकाड निनावी होते. म्हणून एल-जीब हे खेडे म्हणजे बन्यामीनच्या यादीतले गिबोन हे नुसत्या ध्वनिसाम्यावर पटणे कठीण होते. १९५६पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा मद्याच्या घागरींच्या कानांवर ‘गिबोन’ अशी अक्षरे कोरलेली सापडली. असे ३१ कान निघाले. गावाने आपले नाव स्वतःच लिहून ठेवले होते.

याहून बोलका पुरावा शोमरोनचा, म्हणजे उत्तरेच्या राज्याच्या राजधानीचा आहे. १९१० साली हार्वर्डच्या मोहिमेत जॉर्ज रायस्नर यांना राजवाड्याच्या आवारात शाईने लिहिलेली शंभरावर खापरे मिळाली, त्यांतली साठेक वाचण्याजोगी. इ.स.पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या पावत्या आहेत: अमुक वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमक्याकडे, जुन्या द्राक्षारसाची किंवा शुद्ध तेलाची एक घागर. राजाच्या नवव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षाच्या या नोंदी आहेत, पण राजाचे नाव नाही. ठिकाणांच्या नावांत यासीत, कोसो, एलमत्तान अशी गावे आहेत, ती याच भागातल्या आजच्या यासीद, कुसीन, इम्मातीन या खेड्यांशी जुळतात. पण बऱ्याच खापरांवर, विशेषतः पंधराव्या वर्षाच्या, गावाच्या जोडीला दुसरे एक नाव येते: अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शेखेम, शमीदा, नोआ, होग्ला.

ही सातही नावे यहोशवाच्या सतराव्या अध्यायात आहेत आणि तिथे ती माणसांची आहेत. मनश्शेचे सहा मुलगे: अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शेखेम, हेफेर आणि शमीदा. हेफेरचा मुलगा सलाफहाद याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. गणना या पुस्तकात त्या मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात आणि ते त्यांना मिळते. मग कुळातले कर्ते पुरुष तक्रार करतात की मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही जाईल, आणि मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते. मनश्शेला दहा वाटे मिळाले, असे यहोशवा सांगतो. हेफेर वगळून पाच भाऊ आणि हेफेरच्या जागी पाच मुली, बरोबर दहा.

वतनाच्या तंट्यात आपल्याकडे कुर्सीनामा हजर करत. त्यातली वंशावळ खरी की रचलेली हा प्रश्न दुय्यम असे. प्रत्येक नावामागे एक जमीन उभी आहे हे महत्त्वाचे. शोमरोनच्या खापरांपुढे मनश्शेचा कुर्सीनामा ठेवला की तेच दिसते. नोआ आणि होग्ला आठव्या शतकात तेल-द्राक्षारस पाठवणारे तालुके होते. तिरसा तर शोमरोनच्या आधीची राजधानी. हेफेर हे नाव यहोशवाच्याच बाराव्या अध्यायात जिंकलेल्या कनानी नगरांत येते. खापरांवर हेफेर नाही, कारण त्याचा मुलूख मुलींच्या नावांनी वाटला गेला होता. जुन्या नगराला बाप आणि त्याच्या शिवारातल्या वस्त्यांना मुली करून कुणीतरी जमिनीची नोंद नात्यांत बांधली. मुलींच्या वारसाहक्काची कथा त्या नोंदीतून निघाली की कथेचा आधार घेऊन नोंद रचली, याबद्दल मतभेद आहेत. मला पहिली शक्यता अधिक वाटते, कारण पाच वाट्यांना जमीन आधीच होती, नियम मात्र पुढच्या काळातही चालवायचा होता.

असा मेळ नेहमी बसत नाही. यहूदात हिज्कीया राजाच्या काळी, अश्शूरचा सन्हेरीब इ.स.पू. ७०१ मध्ये चालून येण्याच्या सुमारास, रांजणांच्या कानांवर ‘राजाचे’ असा शिक्का मारत. असे हजाराहून अधिक कान सापडले आहेत. शिक्क्यावर चारांपैकी एका ठिकाणाचे नाव असते: हेब्रोन, जीफ, सोखो आणि ‘म-म-श-त’. पहिली तीन यहूदाच्या यादीत आहेत; जीफ आणि सोखो तर दोनदोनदा, वेगवेगळ्या गटांत. चौथे ना यादीत आहे, ना धर्मग्रंथात इतर कुठे. ते गावच नाही, ‘सरकार’ या अर्थाच्या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे आणि त्याचा रोख यरुशलेमकडे आहे, असा एक तर्क मांडला गेला. रांजणांच्या मातीचे विश्लेषण झाले, तेव्हा चारही नावांचे रांजण शफेलातल्या एकाच भागातल्या मातीचे निघाले. म्हणजे शिक्क्यावरचे नाव रांजण घडला त्या जागेचे नाही, आणि चौथे ठिकाण शोधायला मातीचाही उपयोग नाही.