स्टेपनीचा खळगा आणि गंजलेला पुरावा

आजचा धागा एका शब्दापासून सुरू करते. शब्द आहे ‘स्टेपनी’. पंक्चरवाला असो वा ट्रकचालक, मोटारीच्या जादा चाकाला आपल्याकडे सारे हेच म्हणतात. ऐनवेळी उभ्या केलेल्या बदली माणसालाही थट्टेने हेच नाव मिळते.

वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये हे चाक घडवले. त्यापूर्वी मोटारीला जादा चाक नसे. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत, आणि टायर बसला की भर रस्त्यात तो उतरवून ट्यूब सांधत बसावे लागे. डेव्हिसांचे चाक म्हणजे आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसह तयार असलेली एक धाव होती. निकामी चाकाला ती बाजूने पकडींनी आवळायची आणि पुढे निघायचे. पुढे सबंध चाकच काढता-घालता येऊ लागले आणि ही युक्ती मागे पडली. शब्द मात्र भारतात राहिला, माल्टात राहिला. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत तो ‘एस्टेपी’ झाला.

जादा चाक आधी पायफळीवर, मडगार्डच्या कुशीत किंवा गाडीच्या पाठीवर उघडेच असे. नंतर ते गाडीच्या पोटात गेले आणि त्यासाठी पत्र्यात खळगा आला. खळगा म्हणजे पाणी साचण्याची हक्काची जागा.

फोक्सवॅगन बीटल घ्या. इंजिन मागे, डिकी पुढे, त्यामुळे स्टेपनी नाकातच. (साठच्या दशकातील बीटलमध्ये काचेवर पाणी उडवायला याच स्टेपनीतली हवा वापरत. काटकसर म्हणावी ती अशी!) झाकणाभोवतीचे रबर जुने होऊन तडकते, पाणी आत झिरपते, निचऱ्याचे छिद्र पाचोळ्याने बुजते आणि खळग्याचा तळ आतून सडतो.

दुरुस्ती सोपी नाही. पेट्रोलची टाकी लगतच असल्याने वेल्डिंगआधी ती काढून दूर ठेवावीच लागते. मग निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापायचा आणि त्याच मापाचा नवा खळगा सांधायचा. पुष्कळ ठिकाणी गंजावरच नवा तुकडा डकवतात. तो वरून साजरा दिसतो, आत गंज सुखाने वाढत राहतो.

इथे माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी अडखळते. गाडी पुन्हा रंगवताना कारागिराचा हात बहुधा स्टेपनीच्या खाली पोहोचत नाही. त्यामुळे कारखान्यातला मूळ रंग कित्येकदा तिथेच टिकलेला असतो. म्हणजे सर्वांत आधी सडणारी जागा हाच गाडीचा सर्वांत प्रामाणिक कागद. दफ्तरखान्यातल्या रुमालात वाळवीने खाल्लेला कागद निघाला तर आपण त्याला मागून पातळ कागदाचा आधार देतो. गेलेली अक्षरे आपल्या शाईने भरत नाही. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या नाकात भोक ठेवून कसे चालेल?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१३ मध्ये ‘तुरिन सनद’ स्वीकारली. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचे संस्कार तिच्यावर स्पष्ट दिसतात. नवे काम जुन्याशी मिळतेजुळते असावे, परंतु बारकाईने पाहणाऱ्यास ते वेगळे ओळखू यावे, असा तिचा आग्रह आहे. प्रदर्शनासाठी गाडी ‘कोरी करकरीत’ करणाऱ्यांना हे रुचत नाही. मला सनदेचे म्हणणे पटते. मात्र मूळ पत्रा कोणत्याही परिस्थितीत कापू नये, हा टोकाचा हट्ट पटत नाही. चाळणी झालेला पत्रा कापावाच. त्याआधी छायाचित्रे घ्यावीत, मूळ रंग असलेला एक तुकडा जपावा आणि नव्या पत्र्याच्या खालच्या अंगाला दुरुस्तीचे साल कोरावे.

आणि सांधे सीलरने बुजवताना निचऱ्याचे छिद्र तेवढे उघडे ठेवावे.