रंग चुकला तर नाव कोणाचं? औंध, रविवर्मा आणि छापील चित्रं

मंडळी, आज थोडा इतिहास आणि शेवटी एक मागणी. पोस्ट मोठी आहे, पण चित्रं काढणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी पूर्ण वाचावी.

आजकाल आपल्या भागातली कितीतरी मुलंमुली स्वतःच्या चित्रांच्या छापील प्रती विकतात. चांगली गोष्ट आहे. मूळ चित्र एकाच घरात जातं, छापील प्रत पन्नास घरांत जाते. पण फाइल पाठवली, दुकानदाराने छापली, कुरिअर झालं, आणि मधे कोणी प्रत बघितलीच नाही असंही होतं. निळा जांभळा होतो, चेहरा काळवंडतो. घेणारा छापखान्याला नावं ठेवत नाही, चित्रकाराला ठेवतो.

हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. राजा रविवर्म्यांना सर टी. माधवरावांनी सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढा, म्हणजे ती सगळ्यांपर्यंत पोचतील. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

तेव्हाची छपाई दगडावरची. चित्रातला एकेक रंग वेगळा काढायचा, प्रत्येकासाठी वेगळा शिळाछापाचा दगड तयार करायचा आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. कालचा पिवळा आणि आजचा निळा जुळायचा तर हवेवरही लक्ष ठेवावं लागणार. म्हणून आधी नमुन्याची प्रत काढायची, मूळ चित्राशेजारी धरायची, दुरुस्ती करायची, मग हजारांनी छापायचं.

आर्थिक ओढाताणीमुळे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्म्यांनी छापखाना विकला. घेणारे फ्रिट्झ श्लायशर, तिथलेच जर्मन तंत्रज्ञ. छापखान्याचं नाव मात्र रविवर्म्यांचंच राहिलं. पुढे तिथे इतरांची चित्रं छापली गेली, कॅलेंडरं आणि जाहिरातीही निघाल्या. १९०६ मध्ये रविवर्मा गेले, तरी त्यांच्या नावाने प्रती निघतच राहिल्या. त्यांचं नाव घराघरात पोचवलं ते याच प्रतींनी. पण कित्येक समीक्षकांनी त्यांना ‘कॅलेंडरवाला चित्रकार’ म्हणून हिणवलं, तेही याच प्रती डोळ्यांसमोर ठेवून.

आता औंध. आपले अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापलं गेलं. म्हणजे चित्र काढणं आणि ते छापून लोकांपुढे ठेवणं, दोन्ही बाजू या माणसाला ठाऊक होत्या. अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींवर त्यांनी पुस्तकं केली.

याच माणसाने पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आणि सचित्र आवृत्तीची कल्पना दिली, वर एक लाख रुपयांची मदत कबूल केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. बाराशेंहून जास्त हस्तलिखितं पाहून, ओळीला ओळ लावून, कोणता पाठ जुना आणि कोणता मागून घुसलेला हे ठरवलं गेलं. आणि औंधातच पंडित सातवळेकर, तेही मुळात जे. जे. स्कूलमधले चित्रकार, वेदांच्या संहिता छापत होते. अक्षराखालची एक आडवी रेघ चुकली तरी स्वर चुकतो, अशी ती छपाई. प्रत मुळाशी ताडून बघायची, ही सवय आपल्या गावाला नवी नाही.

१९३८ मध्ये बाळासाहेबांनी यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालयाची इमारत उभी केली. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं तिथे आहेत, धुरंधरांची आहेत, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. संस्थान विलीन झालं, संग्रहालय सरकारकडे आलं.

आता कायद्याचं बघा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी चित्राचा कॉपीराइट संपतो. रविवर्म्यांचा केव्हाच संपला. धुरंधर १९४४ मध्ये गेले, बाळासाहेब १९५१ मध्ये, त्यांचाही संपला. म्हणजे ही चित्रं कोणीही छापू शकतो. इंटरनेटवरून धूसर फोटो घ्या, रंग भडक करा, कॅनव्हासवर छापा, विका. गुन्हा नाही. पण ते बघायला चित्रकार आता नाही.

मग उरतो फक्त एकजण: ज्याच्याकडे मूळ चित्र आहे तो. नमुन्याची प्रत मूळ चित्राशेजारी धरून ‘हा रंग चुकला’ असं ठामपणे सांगता येईल ती जागा म्हणजे संग्रहालय.

म्हणून मागणी साधी आहे. संग्रहालयाने निवडक पाच-दहा चित्रांचं नीट, रंगपट्टी ठेवून छायाचित्रण करावं. नमुना मूळ चित्रासमोर तपासावा. चांगल्या कागदावर, टिकाऊ शाईत प्रती काढाव्यात, मागे संग्रहालयाचा शिक्का आणि छपाईचं वर्ष असावं. पोस्टकार्डापासून सुरुवात केली तरी चालेल. यमाईला येणारा भाविक प्रसादाबरोबर एक चांगलं चित्रही घरी नेईल, आणि भडक नकलांशेजारी खरी प्रत कशी दिसते हे लोकांना कळेल.

आणि आपल्या चित्रकार पोरांनो, तुमच्यासाठी. पहिली प्रत स्वतः बघितल्याशिवाय पुढची छापू देऊ नका. ती दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरा, मोबाइलच्या पडद्याशेजारी नको. पसंत पडलेली प्रत सही करून जपून ठेवा, पुढच्या वेळी छापणाऱ्याला तीच दाखवा. एक प्रत महिनाभर उन्हाच्या खिडकीत लावून बघा, शाई उडते का ते कळेल. किती प्रती काढणार ते आधी सांगा आणि शब्द पाळा. बिघडलेली प्रत स्वस्तात विकू नका, फाडून टाका. खाली सही तुमची असते, ती भिंतीवर तुमच्यापेक्षा जास्त वर्षं राहणार आहे.

पटलं तर पुढे पाठवा. संग्रहालयाशी संबंधित कोणी वाचत असेल तर कमेंटमध्ये नक्की बोला.