गुन्ह्याला गुन्हा कोण म्हणणार? देसाईगंज ते माहुल

टीव्हीवर एखाद्या गुन्ह्याची चर्चा सुरू झाली की पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक प्राध्यापक येतात. नावाखाली 'विषयतज्ज्ञ' अशी पट्टी असते. दोन मिनिटे मिळतात. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, कायदा आपले काम करेल, समाजाने संयम ठेवावा, एवढे बोलून ते जातात. आपल्या वस्तीतली पोरे हे ऐकतात आणि त्यांच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, सरांना आपल्यापेक्षा जास्त कळते. दुसरा म्हणतो, सगळे विकले गेलेत, ऐकूच नका.

मित्रांनो, दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. गुन्हा आणि न्याय या विषयावर प्राध्यापकाने जाहीरपणे बोलणे ही महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. अशा बोलण्याने या देशाचा कायदा बदललेला आहे, आणि बोलण्यासाठी माणसे तुरुंगातही गेली आहेत. तो इतिहास माहीत असला तर चौकटीतल्या सरांना कोणता प्रश्न विचारायचा हेही कळेल.

वर्तमानपत्राची कात्रणे आणि एक प्राध्यापक

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागते. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साऊथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली, तेव्हा ते त्याच नोकरीत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हाही ते सरकारी महाविद्यालयाच्या सेवेत होते आणि अंकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पुढे १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. वर्गात कायदा शिकवणे, कोर्टात वकिली करणे आणि वर्तमानपत्रात लिहिणे ही त्यांच्या दृष्टीने तीन वेगळी आयुष्ये नव्हती.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाला. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याला तेव्हा दोनच आठवडे झाले होते. २० मार्चला महाडमध्ये आपल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला होता आणि स्पृश्यांची पत्रे त्याला 'दंगा' म्हणत होती. त्याचा खटला चालला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. घटना एकच, पण तिचे नाव 'दंगा' ठेवले तर दोन्ही बाजू सारख्या दोषी ठरतात आणि 'हल्ला' म्हटले तर आरोपी समोर उभा राहतो. म्हणून आपले पत्र लागत होते.

बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की त्यात अत्याचाराच्या वर्तमानपत्री बातम्या एकापाठोपाठ एक मांडल्या आहेत. गावोगावच्या त्या लहान बातम्या होत्या. कुणी कपडे चांगले घातले म्हणून मार खाल्ला, कुणी विहिरीवर गेला म्हणून. प्रत्येक बातमी सुटी वाचली तर ते एखाद्या गावचे भांडण वाटते. बाबासाहेबांनी त्या एकत्र ठेवल्या आणि त्यातून व्यवस्था दाखवली. कायदा कागदावर असूनही गावात चालत नाही, कारण तो चालवणारे पोलीस आणि अधिकारी त्याच सवर्ण समाजातून येतात, हे त्यांचे निदान होते. गुन्हेविषयक तज्ज्ञाचे काम कसे असते याचा हा आपल्या घरातला नमुना आहे.

चार प्राध्यापकांचे पत्र

आता १९७२ च्या मार्च महिन्यात या. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, आजच्या गडचिरोलीतले देसाईगंज. एक अल्पवयीन, मजुरी करणारी आदिवासी मुलगी जबाबासाठी रात्री पोलीस ठाण्यात आणली गेली. जबाब झाल्यावर सोबतच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर आरोप झाला. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. याच प्रकरणानंतर पीडितेचे नाव छापण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, म्हणून मी त्याला देसाईगंज प्रकरणच म्हणतो.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले आणि मुलीलाच खोटे ठरवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला, एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे नागपूरने ओळखले होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असली पाहिजे, असा तो तर्क होता.

निकाल कायद्याच्या नियतकालिकांत छापून आला आणि जवळजवळ एक वर्ष कुणी काही बोलले नाही. मग दिल्ली आणि पुणे विद्यापीठांतल्या चार कायदा शिक्षकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार नावे.

त्या पत्राची ताकद निकालपत्राच्या वाचनात होती. रात्रीची वेळ, बंद ठाणे, खाकी गणवेशातले दोन पुरुष, बाहेर थांबलेले नातेवाईक, समोर एक गरीब मजूर मुलगी. या परिस्थितीत ती शरण गेली असेल, पण शरण जाणे आणि संमती देणे यात फरक आहे, हे त्यांनी न्यायालयाच्याच नोंदींतून दाखवले. निकालाचा आदर ठेवा, असे तेव्हाही सांगितले जात होते. या चौघांनी आदर ठेवूनच न्यायालयाला चूक दाखवली.

पण पत्राने एकट्याने काही घडले नसते. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, ८ मार्चला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे कलम ११४-अ तेव्हाच आले.

याची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. त्या दोन पोलिसांची सुटका कायम राहिली. कायदा देशाला मिळाला, त्या मुलीला न्याय मिळाला नाही. आणि ती आदिवासी आहे ही गोष्ट आंदोलनाच्या स्मरणातून हळूहळू पुसली गेली. नव्या कायद्याला पोलिसाचा गणवेश दिसला, पण जात-जमातीची सत्ता दिसली नाही. त्यासाठी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यापर्यंत थांबावे लागले.

नाव बदलले की गुन्हा लहान होतो

११ जुलै १९९७. घाटकोपरचे रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातली गेली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. टँकर पेटवले जाणार होते, मोठा स्फोट झाला असता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा बचाव मांडला गेला. म्हणजे आपल्या माणसांच्या हत्येचे नाव 'मोठी दुर्घटना टाळली' असे ठेवण्यात आले. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम २००९ मध्ये दोषी ठरला. त्याला जन्मठेप झाली आणि पुढे उच्च न्यायालयात जामीनही मिळाला.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. सुरुवातीला या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला. कार्यकर्त्यांची सत्यशोधन पथके गावात पोहोचली, आपले लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे देशाला खरे कळले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. कारण 'सूड' ठरले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही.

शिक्षा मोठी झाली, मग अडचण काय, असे त्या वेळी अनेक जाणकारांनी विचारले. अडचण ही की गावातल्या काही वाईट माणसांना शिक्षा झाली आणि ज्या व्यवस्थेने तो जमाव उभा केला ती निर्दोष सुटली. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर पुस्तक लिहून नेमके हेच तपासले. पोलीस, प्रशासन, माध्यमे आणि न्यायालय यांच्यातून जात कशी गाळली जाते ते त्यांनी टप्प्याटप्प्याने मांडले. हे लिहिणारा माणूस पुढे आयआयटी खरगपूरमध्ये आणि नंतर गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाला.

बोलण्याची किंमत

भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात हेच तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या ताब्यात गेले. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, तळोजा तुरुंगातून बाहेर आले. नागपूर विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुख असलेल्या शोमा सेन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळाला. जवळजवळ सहा वर्षे गेली.

ही मोठी नावे झाली. आपल्या पोरांची गोष्ट याहून शांतपणे घडते. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला आपला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही हे संस्थाचालकाच्या मर्जीवर असते. त्याच्या तालुक्यात अत्याचार झाला तर तो वर्तमानपत्राला प्रतिक्रिया देईल का? राखीव जागा रिक्त ठेवण्याचा प्रश्न हा केवळ पगाराचा प्रश्न नाही. उद्या टीव्हीच्या चौकटीत कोण बसणार आणि गुन्ह्याला कोणते नाव देणार, याचाही तो प्रश्न आहे.

माहुलचा गुन्हा कोणत्या कलमाखाली?

आता आपल्या माहुलकडे पाहू. इथे पूर्वीपासून कोळी-आगऱ्यांची गावठाणे. १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग रसायनांच्या टाक्या आल्या. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माहुल-आंबापाडा भागाची पाहणी केली. केईएम म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे हेही प्राध्यापकच. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागण्याचा त्रास होतो, असे त्यांना आढळले. स्थानिक कोळी बांधव हरित लवादात गेले होतेच. १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने मान्य केले की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे.

तज्ज्ञ बोलले, लवाद बोलला. त्यानंतर सरकार आणि महापालिकेने काय केले? २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या आणि तिथली कुटुंबे माहुलच्या इमारतींत पाठवली. त्यात आपले दलित, मुसलमान आणि कष्टकरी लोक होते. २०१८ च्या ऑक्टोबरपासून विद्याविहारच्या फुटपाथवर 'जीवन बचाओ आंदोलन' बसले. त्यात बाया पुढे होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नका. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्या.

केईएमचा अहवाल दोन वर्षे होता, तोपर्यंत काही हलले नाही. कोळी बांधवांनी तो लढ्यात वापरला तेव्हा लवादाचा आदेश आला. फुटपाथवरच्या बाया उठल्या नाहीत तेव्हा उच्च न्यायालयाचा आदेश आला. देसाईगंजच्या पत्राचीही हीच गोष्ट होती.

तरीही एक प्रश्न उरतोच. मोबाईल चोरीला गेला तर पेपरात 'गुन्हे वृत्त' या सदरात बातमी येते. हजारो माणसांना जाणूनबुजून विषारी हवेत नेऊन ठेवले, त्याची बातमी 'प्रदूषणाची समस्या' म्हणून येते. इथून काही किलोमीटरवर, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे गुन्हेशास्त्र आणि न्याय शिकवले जाते. तिथल्या आणि मुंबईतल्या प्रत्येक विधी महाविद्यालयातल्या शिक्षकांना आपण विचारले पाहिजे की सर, मॅडम, माहुलमध्ये झाले ते कोणत्या कलमाखाली येते? उत्तर 'कोणत्याच नाही' असे आले, तर कायद्यात भोक कुठे आहे ते तरी लिहा. १९७९ मध्ये चौघांनी तेच केले होते.

आणि आपणही हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक शाखेत, प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक निकालपत्र मोठ्याने वाचले गेले पाहिजे. अत्याचाराची बातमी आली की एफआयआरमध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली का ते बघा, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो आहे का ते बघा, ६० दिवसांत आरोपपत्र गेले का ते मोजा, जिल्हा दक्षता समितीची बैठक झाली का ते विचारा. बातमीतला शब्द चुकीचा असेल तर त्याच दिवशी संपादकाला लिहा. वस्तीतली कायद्याला जाणारी मुलगी फीअभावी थांबणार नाही हेही बघा. उद्या त्या चौकटीत ती बसली पाहिजे आणि तिच्या हातात निकालपत्र असले पाहिजे.

जय भीम!