पाइनच्या तरुण वनांची यांत्रिक विरळणी

फिनलंडच्या भूभागापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे. स्कॉट्स पाइन हा तेथील प्रमुख वृक्ष. हेक्टरी साधारण २,००० झाडे वाढू दिली, की २५ ते ४० वर्षांत त्यांचे शेंडे एकमेकांना भिडतात. प्रकाश व पाण्यासाठी चढाओढ सुरू होते, खालच्या फांद्या वाळतात आणि खोडे किडकिडीत राहतात. अशा वेळी जवळपास निम्मी झाडे काढून उरलेल्यांना जागा करून देतात. हीच पहिली विरळणी होय.

हे काम दोन यंत्रे करतात. हार्वेस्टर आपल्या लांब बाहूने झाड पकडतो, बुंध्याशी कापतो, फांद्या सोलतो आणि लांबी व जाडी मोजून ओंडके पाडतो. मागून येणारा फॉरवर्डर ते उचलून रस्त्यापर्यंत नेतो. हार्वेस्टरचा बाहू सुमारे १० मीटर पोहोचतो. म्हणून यंत्रांच्या वाटा एकमेकींपासून सुमारे २० मीटरवर आखल्या जातात.

कार्यक्षमता ठरते ती मुख्यतः झाडाच्या आकारमानावर. एका झाडास ३० सेकंद लागतात असे धरले, तर तासाला १२० झाडे होतात. प्रत्येक झाड ०.०८ घनमीटरचे असल्यास ९.६ घनमीटर लाकूड मिळेल, ०.०५ घनमीटरचे असल्यास केवळ ६. झाड लहान असले तरी ते पकडण्या-कापण्याचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही आणि यंत्राचा ताशी खर्च तोच राहतो. यावर उपाय म्हणून काही हार्वेस्टर एकाच पकडीत अनेक बारीक झाडे गोळा करतात. दाट झुडपे आधीच छाटली, तर चालकाला खोडे स्पष्ट दिसतात व वेळ वाचतो.

मात्र वेग हा एकमेव निकष नाही. घाईत उभ्या झाडांची साल सोलली गेली किंवा मऊ जमिनीत चाके रुतून मुळे दुखावली, तर पुढील वाढ खुंटते. दलदलीच्या भागात म्हणूनच जमीन गोठल्यावर काम करतात. हिवाळे सौम्य होत चालल्याने हा अवधी आखडत आहे. उन्हाळ्यात ताज्या बुंध्यांवर मूळकुजव्या बुरशीला रोखणारे द्रावण यंत्रच फवारते.

फिनलंडमधील निम्म्याहून अधिक वनक्षेत्र खासगी, बहुधा कौटुंबिक मालकीचे आहे. पहिल्या विरळणीचे लाकूड मुख्यतः कागदाच्या लगद्यासाठी जात असल्याने भाव कमी मिळतो. त्यामुळे मालक ती लांबणीवर टाकतात. खोडे जाड झाली की यंत्राचे काम स्वस्त पडते हे खरे. पण तोवर झाडांचा पर्णसंभार आक्रसलेला असतो आणि विरळणीनंतरही ती जोमाने वाढत नाहीत. वादळात व बर्फाच्या भाराने ती मोडण्याचा धोकाही वाढतो. करवतीच्या लाकडाचे खरे उत्पन्न अखेरच्या तोडीतून, आणखी काही दशकांनी मिळायचे असते. त्यामुळे आज वाचवलेल्या खर्चाची किंमत अनेकदा पुढच्या पिढीला मोजावी लागते.