जुनी मोटार आणि तिचे हरवलेले भाग

इतिहासाच्या व्याख्यानाला मोटारीचा विषय कशाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. किल्ले, ताम्रपट, बखरी यांना इतिहासाची साधने म्हणून आपण मान देतो. पण ज्या यंत्राने गेल्या शंभर वर्षांत माणसाचे जाणेयेणे पालटून टाकले, तेही एक साधनच होय. जुन्या मोटारीचे झाकण उघडून जाणत्याने आत पाहिले, तर मूळ कारखान्याने बसवलेले भाग कोणते आणि मागाहून आपल्या मिस्त्रींनी बसवलेले कोणते, हे त्याला सहज वाचता येते. या दुसऱ्या प्रकारच्या भागांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. त्याविषयी चार शब्द सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम आपल्याच मुलखाकडे पाहू. सिद्धेश्वर आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्या संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली मोटार वाहतुकीची शाखा काढली आणि २७ बसगाड्यांनी कामास आरंभ केला. त्या काळच्या अल्बियन गाड्या स्कॉटलंडातील ग्लासगोच्या कारखान्यात तयार होत. १९३२ ची एक अल्बियन बस हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. अशा गाडीचा एखादा दाता तुटला, तर नवा भाग समुद्रापलीकडून यावयाचा. धरणाचे दरवाजे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यंत्राचा एक भाग अडला की सारेच अडते, हे सांगावयास नकोच. तेव्हा बाहेरून भाग येईपर्यंत वाट पाहावी, की लोहाराच्या भट्टीवर आणि लेथवर काही उपाय करावा, हा प्रश्न मोटारीबरोबरच आपल्याकडे आला.

मुंबईकडे स्थिती थोडी निराळी होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला; फोर्डनेही मुंबईत तसेच काम चालवले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना येथे हळूहळू सर्व भाग बनवावयाचे नाहीत, त्यांनी नुसते जुळवणीचे काम बंद करावे. फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीही आपला गाशा गुंडाळला. देशी उद्योगाच्या दृष्टीने या धोरणाचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचा एक परिणाम असा की, गाड्या येथे राहिल्या आणि त्यांच्या भागांचा उगम मात्र आटला.

याच कारणाने १९६४ नंतर अमेरिकेत निघालेल्या बलाढ्य इंजिनाच्या गाड्या आपल्याकडे क्वचितच दिसल्या. त्या साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन घालून ‘जीटीओ’ आणली. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. त्यांचे शौकीन आज अमेरिकेत इतके आहेत की, त्यांच्यासाठी जुन्या नमुन्याचे भाग नव्याने बनवणारा स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. आपल्याकडच्या कुर्ल्याच्या डॉजला हे भाग्य कोठले? तिचा भाग शोधावा लागतो, दुसऱ्या गाडीचा जुळवावा लागतो, किंवा नवा घडवावा लागतो.

शोधण्याची ठिकाणे म्हणजे मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने, पुण्याचा जुना बाजार. तेथे भागाचे नाव सांगून काम भागत नाही. माप सांगावे लागते. उदाहरणार्थ, त्या काळच्या प्लिमथच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा व्यास सव्वातीन इंच होता आणि डॉजच्या मोठ्या इंजिनाचाही तेवढाच होता. मात्र पहिल्यात पिस्टनची धाव चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच, तर दुसऱ्यात चार पूर्णांक पाच अष्टमांश. म्हणजे एकाचा क्रँक दुसऱ्यात चालावयाचा नाही. व्यास जुळला म्हणून पिस्टनही डोळे मिटून बसवता येत नाही. पिनपासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगांची रुंदी मोजावीच लागते. ज्या मिस्त्रीला ही मापे तोंडपाठ, तो भंगाराच्या ढिगातून सोने काढतो.

जुळवाजुळवीत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे साधा नट-बोल्ट. अमेरिकन गाडीचा पाच सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो. फियाटसारख्या इटालियन गाडीचा ८ मिलिमीटर. हाताला दोन्ही सारखेच वाटतात. पण आट्यांची घडण निराळी असल्याने दोन-चार फेरे सुखाने बसतात आणि पुढे आटे कापले जातात. इंग्रजी व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. ज्यांना शाळेत भूमिती कधी आवडली नाही, अशा कितीतरी कारागिरांनी हा फरक बोटांनी ओळखला.

घडवण्याचे काम तर याहून अवघड. बिडाचा भाग ओतावयाचा तर प्रथम सुताराकडून लाकडी फर्मा करून घ्यावा लागतो. तुटलेला भागच जोडून त्याचा साचा काढला, तर नवा भाग लहान येतो; कारण बीड निवताना शेकडा एकाच्या आसपास आकसते. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो, शिवाय लेथवर तासण्यासाठी वर थोडा माल सोडावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील भट्ट्यांनी आणि लेथांनी ऑइल इंजिनांच्या निमित्ताने ही विद्या पुष्कळ वाढवली. त्याच कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यात निघते. मेबॅकच्या जर्मन कारखान्याने १९४० च्या सुमारास त्या जुन्या मोटारी बनवणे थांबवले होते. कारखाना थांबल्यावर इतक्या वर्षांनीही गाडी चालते, यामागे निगा राखणारे हात असतात.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा जुळवाजुळवीने मोठेच रूप घेतले. अनेक अवजड अमेरिकन गाड्यांची पेट्रोल इंजिने काढून त्या जागी डिझेल इंजिने बसवली गेली. त्यासाठी बैठका बदलाव्या लागल्या, गिअरपेटीशी सांधा जुळवावा लागला, वाढलेल्या वजनाखाली पुढच्या स्प्रिंगा सावराव्या लागल्या. गाडीचा डौल गेला, आवाज पालटला. पण ती भंगारात जाण्यापासून वाचली आणि एखाद्या कुटुंबाचे पोट भरत राहिली.

येथेच आजच्या जतन करणाऱ्यांपुढे खरा पेच उभा राहतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली गाडी त्यात बसते. परंतु तिची चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्यच आहे. मूळ रूपाला किंमत नसेल तर जतन या शब्दाला अर्थ उरत नाही. परंतु मूळ रूपाच्या शोधात मधल्या पन्नास वर्षांचा पुरावा आपण पुसून टाकतो, याचे भान क्वचितच असते. मालक परदेशातून मूळ कार्बोरेटर मागवतो आणि मिस्त्रीने घडवलेला तोटा कचऱ्यात फेकतो. गाडी उजळते; पण ती जिवंत कोणी ठेवली, हे सांगणारा साक्षीदार नाहीसा होतो.

देवळाचा जीर्णोद्धार करताना जुना शिलालेख चुन्याखाली गेला, तर आपण हळहळतो. मोटारीच्या बाबतीतही तीच दृष्टी ठेवावी, असे आम्हांस वाटते. मूळ भाग मिळाला तर अवश्य बसवावा. पण काढलेला भाग जपून ठेवावा, त्याला चिठ्ठी बांधावी आणि तो कोणी, कोठे, कधी घडवला हे वहीत टिपावे. हे काम करावयास श्रीमंत संग्राहकच हवा असे नाही. परभणी, नांदेड, वसमत, हिंगोली येथील जुने टर्नर व फिटर आता थकले आहेत. त्यांची मापे त्यांच्या स्मरणात आहेत, कागदावर नाहीत. एखाद्या तरुणाने वही घेऊन त्यांच्यापाशी चार संध्याकाळी बसावे. ताम्रपट जमिनीत हजार वर्षे टिकतो. कारागिराची विद्या त्याच्या एका आयुष्यापुरतीच असते, आणि ती लिहून घेण्याची मुदत आता संपत आली आहे.